पोरांच्या डोक्यावरचा फुटबॉल



लागण, खोडवा, खतांच्या मात्रा यांवरचे लेख या पत्रिकेत नेहमी येतात आणि यापुढेही येतील. पण आपल्या भागात उसाइतकंच मुरलेलं आणखी एक पीक आहे, ते म्हणजे फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची, नाहीतर खंडोबा आणि शिवाजी तरुणची मॅच असली, की पेठाच काय, आसपासची खेडीही ओस पडतात. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला. आपल्याकडचा पोरगा टी.व्ही.वर बघितल्यावर गावोगावच्या पोरांना आणखीच चेव आला. ही चांगलीच गोष्ट आहे. पोरगं मैदानावर घाम गाळतंय, पानटपरीवर बसत नाही, यात आईबापांना समाधान आहे. हा लेख फुटबॉलच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. प्रश्न आहे तो फक्त डोक्यानं चेंडू मारण्याचा, ज्याला आपली पोरं ‘हेड मारणं’ म्हणतात.

इंग्लंडात जेफ ॲस्टल नावाचे एक नामांकित खेळाडू होऊन गेले. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबाचे सेंटर फॉरवर्ड. १९६८ साली त्यांच्या एकमेव गोलावर क्लबाने एफ.ए. कप जिंकला. (तो गोल त्यांनी डाव्या पायाने केला होता, पण नाव होतं ते डोक्याच्या खेळासाठीच.) १९७० च्या विश्वचषकातही ते इंग्लंडकडून खेळले. खेळ सुटल्यावर त्यांनी खिडक्या पुसण्याचा धंदा काढला आणि साधेपणाने राहिले. पन्नाशीच्या मध्यावरच त्यांना विसर पडू लागला. पुढं पुढं घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे आपण कधी फुटबॉल खेळलो होतो, हेसुद्धा त्यांना आठवेना. १९ जानेवारी २००२ रोजी ते वारले, तेव्हा वय होतं अवघं ५९.

मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या वर्षाच्या अखेरीस जो निर्णय दिला, तो कामगार-सभासदांनी नीट वाचण्यासारखा आहे. ‘व्यवसायजन्य आजाराने मृत्यू’ असा तो निर्णय. म्हणजे खाणीत काम करणाऱ्याला फुप्फुसाचा रोग जडावा, तसा वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारण्याचा धंदा करणाऱ्याला मेंदूचा रोग जडला. पुढं २०१४ साली ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांनी ॲस्टल यांचा जपून ठेवलेला मेंदू पुन्हा तपासला. त्यात जी खूण सापडली ती मुष्टियुद्ध करणाऱ्यांच्या मेंदूत सापडणारी होती. ठोसे खाऊन खाऊन माणूस भ्रमिष्ट होतो, हे डॉक्टरांनी १९२८ सालीच लिहून ठेवलेलं आहे. फुटबॉलकडे मात्र त्या नजरेनं फारसं कुणी बघितलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एका माणसाचं काय घेऊन बसलात? म्हातारपणी विसर कुणाला पडत नाही? शंका रास्त आहे, आणि ती याच डॉ. स्टुअर्टांनी पुढं तपासून घेतली. १९०० ते १९७६ या काळात जन्मलेले स्कॉटलंडचे ७,६७६ जुने व्यावसायिक खेळाडू आणि त्यांच्याच वयाची, तशाच परिस्थितीतली २३,००० वर सामान्य माणसं, यांच्या मृत्यूच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंत साडेतीन पट निघालं. शेकड्यात सांगायचं तर सामान्य माणसांत ०.५ आणि खेळाडूंत १.७. त्यातही पुढच्या तपासणीत असं दिसलं, की ज्याच्या वाट्याला हेड मारणं सर्वांत जास्त येतं त्या बॅकच्या खेळाडूंत प्रमाण सर्वांत जास्त, जवळजवळ पाच पट. हाताने चेंडू अडवणारा जो गोलकीपर, त्याच्यात मात्र म्हणण्यासारखी वाढ नाही. माझ्या मते सगळ्या आकड्यांत हाच आकडा सर्वांत बोलका आहे. मैदान तेच, पाऊस तोच, फरक फक्त डोक्याचा!

याच तपासणीत एक दिलासाही मिळाला, तो सांगितलाच पाहिजे. हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण या खेळाडूंत इतरांपेक्षा कमी होतं. म्हणून पोराचा फुटबॉल बंद करण्याचा अविचार कोणी करू नये.

हे होतं कसं? कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. विरजण लावलेलं मडकं बैलगाडीतून खडकाळ वाटेनं नेऊन बघा. मडक्याला चीर नसते, पण आत दही फुटलेलं आणि पाणी सुटलेलं असतं. चेंडू डोक्यावर आदळला की बाहेर टेंगूळसुद्धा येत नाही, पण आत मेंदूला हिसका बसतो, त्यातल्या केसाहून बारीक तंतूंना ताण बसतो. एका हिसक्याने काही होत नाही. जुवाखाली बैलाचा खांदा पहिल्याच दिवशी सुजत नाही, रोज रोज घासून सुजतो, तसाच हा प्रकार.

२०१६ साली स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात १९ खेळाडूंना यंत्रातून कॉर्नरसारखे चेंडू टाकून २० वेळा हेड मारायला लावलं. लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली. चोवीस तासांत ती पूर्ववत झाली, हे खरं. पण ही मोठी माणसं होती, आणि सराव एकाच दिवसाचा होता. आठवड्यात चार संध्याकाळी कोच बारा वर्षांच्या पोराकडून ओळीनं हेड मारून घेत असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात त्याचं लक्ष कुठं असेल, याचा विचार करा. आणि वर मास्तर म्हणणार, पोरगं मठ्ठ आहे!

पोराचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि मान असते कोवळी. चेंडू लागला की मोठ्या माणसाची मान तो धक्का पेलते, पोराचं डोकं मात्र मागं झटकलं जातं. मुलींची मान बहुधा आणखी बारीक, म्हणून त्यांची काळजी जास्त घ्यावी लागते. शिवाय मेंदूची वाढ विशीच्या पुढंही चालूच असते. आदत खोंडाला आपल्यातला कुणी उसाच्या गाडीला जुंपत नाही. जनावराच्या बाबतीत आपल्याला जे कळतं ते पोराच्या बाबतीत का कळू नये?

इतर देशांनी यावर नियम केले. अमेरिकेत २०१४ साली काही पालक फुटबॉलच्या संघटनांविरुद्ध कोर्टात गेले. पैसे नकोत, नियम बदला, एवढीच त्यांची मागणी. २०१५ च्या अखेरीस तिथल्या संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेड मारणं बंद केलं आणि अकरा ते तेरा वयाला सरावात मर्यादा घातली. इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडने २०२० च्या फेब्रुवारीत प्राथमिक शाळेच्या वयाला सरावातून हेडिंग काढून टाकलं. इंग्लंडमध्ये २०२४-२५ च्या मोसमापासून लहान गटांच्या सामन्यांतूनही ते टप्प्याटप्प्यानं काढायला घेतलं आहे. स्कॉटलंडच्या व्यावसायिक क्लबांनासुद्धा मॅचच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेड मारू नये, अशी सूचना २०२२ साली मिळाली. कसलेल्या गड्यांना ही बंधनं, तर आपल्या सातवीतल्या पोराला किती हवीत?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरची मोठी तपासणी व्यावसायिक खेळाडूंची आहे. त्यावरून गावातल्या मैदानावर चार वर्षं खेळलेल्या पोराला म्हातारपणी अमुक होईलच, असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलंच तर विश्वास ठेवू नका. जुने कातडी चेंडू पाणी पिऊन जड होत, तसे आताचे होत नाहीत, असंही म्हटलं जातं. ते खरं आहे. पण आताचा चेंडू हलका राहतो म्हणून वेगानं येतो, हेही तितकंच खरं आहे. आणि आपल्याकडं पावसाळ्यात चिखलात लोळलेला, शिवण उसवलेला चेंडू अजूनही पाणी पितोच.

म्हणून तालमीच्या वस्तादांना आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विनंती आहे. मोठ्यांच्या पाच नंबर चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं, तो लहानांच्या डोक्यावर टाकू नये. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी चार नंबर चेंडू मिळतो, तो घ्यावा. पंक्चरवाल्याकडून दगडासारखा टणक हवा भरून आणू नये, नियमात हवेचीही मर्यादा दिलेली आहे. डोकं कसं लावायचं हे शिकवायचंच असेल तर फुग्यावर शिकवावं. बाकी वेळ जमिनीवरच्या पासवर घालवला तर संघाचा खेळही सुधारेल, असं मला वाटतं.

दुसरा धोका याहून तातडीचा आहे. हेड मारायला दोघं एकदम उसळतात आणि डोक्याला डोकं किंवा कोपर लागतं. पोरगं पडतं, उठतं, डोळे चोळतं, आणि बाहेरून आरोळी येते, ‘काय झालं नाही, खेळ!’ ही आरोळी बंद झाली पाहिजे. पोरगं गोंधळलं, अडखळत चाललं, स्कोअर काय झाला ते सांगता येईना, डोकं दुखतं म्हणालं, तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात उतरता कामा नये, मग फायनल असली तरी. उलटी, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, न उतरणारी गुंगी, एक बाहुली मोठी दिसणं, यांपैकी काही दिसलं तर तडक दवाखाना गाठावा. हळद लावून झोपवून ठेवू नये.

बरं वाटलं तरी घाई नको. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी २०२३ साली निघालेल्या सूचनांनुसार पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास विश्रांती, मोबाईल-टी.व्ही. शक्य तितका कमी आणि गाडी चालवणं बंद. त्यानंतर हळूहळू चालणं, मग हलका व्यायाम. अंगाला अंग भिडेल असा सराव सलग १४ दिवस काही त्रास नसेल तरच, आणि मॅच लवकरात लवकर २१ दिवसांनी. एकवीस दिवसांत आपल्याकडची आख्खी स्पर्धा उरकते, हे ठाऊक आहे. तेव्हा तेवढी स्पर्धा त्या पोराशिवाय खेळायची तयारी संघानं मोसमाच्या सुरुवातीलाच ठेवावी, आणि राखीव गडी दोन जास्त घ्यावेत.