दोन वाडे, दोन उंबरठे

दिंडोरीतला आमचा वाडा गेली काही वर्षे बंद आहे. भावकीचे म्हणणे, पाडून गाळे काढावेत; मला वाटते, तिथे शाळा व्हावी. थोरल्या दादांनी विचारले, "राहत्या वाड्यात शाळा नीट चालते का रे?" उत्तर शोधताना मी पुण्यातल्या दोन वाड्यांपाशी येऊन थांबलो.

इंग्लंडात स्टो हाउस या उमरावी प्रासादात १९२३ मध्ये शाळा सुरू झाली. पुण्यात असेच काहीसे शंभर वर्षे आधी घडले होते. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास स्वतःला राहण्यासाठी विश्रामबाग वाडा बांधला. दर्शनी भागावरचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आजही पाहावेत असे आहेत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८२१ मध्ये कमिशनर चॅप्लिन यांनी त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. तिच्याच निधीतून पाठशाळेचा खर्च भागे. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय तिथे शिकवले जात. कृष्णशास्त्री चिपळूणकर इथलेच विद्यार्थी. ही पाठशाळा १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झाले, आणि त्याचेच १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज.

वंशावळ मोठी खरी. पण सुरुवातीची पाठशाळा ब्राह्मण मुलांसाठीच होती. वाड्याचा धनी बदलला, उंबरठा तोच राहिला.

तिथून चालत थोड्या अंतरावर, बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा काढली. ना सरकारी निधी, ना कोरीव खांब. एका गृहस्थाने जागा दिली आणि ज्यांना विद्या नाकारलेली होती त्या मुली आत आल्या.

विश्रामबाग आजही उभा आहे. भिडे वाडा मोडकळीस आला होता. राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो पाडण्यात आला.

दादांना मी कळवले आहे: शाळा चालते. मात्र वाडा द्यायचा ठरला, तर कोणत्याही मुलाला वा मुलीला जातीवरून किंवा फीवरून परत पाठवायचे नाही, ही अट बक्षीसपत्रातच घालू. दादांचे उत्तर अजून यायचे आहे.