तीन रात्री, दोन नाटकं

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी मी वडशाला जाते आणि आधी भिंती वाचते. देसाईगंज हे गावाचं कागदावरचं नाव; नाटकवाल्यांच्या तोंडी मात्र वडसाच. झाडीपट्टीतल्या बहुतेक नाटक कंपन्यांची ऑफिसं इथं आहेत. दिवाळीनंतर पानठेल्याच्या पत्र्यावर, विजेच्या खांबावर, जिथं म्हणून खळ चिकटते तिथं नाटकाचं पोस्टर लागतं. एकाच तारखेला पाच गावांत पाच नाटकं. माझ्या हाताशी रात्री तीन.

माझं माहेर आरमोरीजवळच्या खेड्यातलं. नोकरी नागपूरच्या पोस्टात झाली, घरही तिकडेच झालं. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटीनं यायचं, भावाला ओवाळायचं, नाटकं बघायची आणि परतायचं, असा नेम. मागच्या वर्षी पुण्याची एक मैत्रीण सोबत होती. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, बुकिंग कुठून करायचं आणि रिव्ह्यू कुठं वाचायचे? भाऊ हसला. "रिव्ह्यू सकाळी भेटते बाई, रातभर बसल्यावर."

तो थट्टा करत नव्हता. इथलं नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि उजाडायला संपतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतला वैनगंगेच्या अल्याडपल्याडचा जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. पीक धानाचं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, पुढं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. पूर्वी लोक त्यासाठी बैलबंड्या जुंपून लांबून यायचे. संध्याकाळी पट संपला की रानातून अंधारात परतायचं कसं? मग रात्रभर नाटक, आणि फटफटलं की घरचा रस्ता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, ती २०२१च्या डिसेंबरात अटींसह सुटली; मधल्या वर्षांत बैल गोठ्यात राहिले, नाटकं मात्र चालूच होती. आता मोटारसायकलवर अर्ध्या तासात घरी पोचता येतं, तरी नाटक बाराला संपवा असं कुणी म्हणत नाही. तसं केलं तर तिकिटाचे पैसे परत मागतील.

नाटक निवडताना पहिली गोष्ट सोडून द्यायची ती म्हणजे नाव. कुंकू, माहेर, पदर, बहीण, हुंडा यांतले कुठलेही दोन शब्द जोडा, एक पोस्टर तयार. नावावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. त्याच नावाखाली मी एकदा रद्दी पाहिली आहे आणि एकदा असा दुसरा अंक पाहिला आहे, की शेजारची म्हातारी पदर तोंडात कोंबून बसली होती.

दुसरी सोडायची गोष्ट म्हणजे मोठा फोटो. सहा-सात वर्षांपूर्वी मालिकेतला एक चेहरा पोस्टरवर मधोमध पाहून मी तीस किलोमीटर गेले. नट साडेबाराला आले, दोन प्रवेश केले, मोबाइलवर फोटो काढू दिले आणि तिसऱ्या अंकात त्यांचं पात्र परगावी गेल्याचं आम्हाला संवादातून कळलं. बहुधा नट स्वतःही गेले होते.

मी वाचते पोस्टरचा तळ. तिथं बारीक अक्षरात लेखक, दिग्दर्शक, ऑर्गन, तबला अशी नावं असतात. ऑर्गनवर जुना माणूस असेल तर रात्र वाया जात नाही, कारण इथले नट अजून स्वतः गातात आणि तिसऱ्या प्रहरी घसा बसला की त्यांना ऑर्गनवालाच सांभाळतो. लेखकाच्या जागी नवरगावच्या सदानंद बोरकरांचं नाव असलं तर मी अंतर विचारत नाही. शेतकऱ्याच्या मरणावरचं त्यांचं 'आत्महत्या' पाहून परतताना आमच्या गाडीत कुणी बोललं नव्हतं, आणि आमच्या गाडीत दोन बोलघेवडे होते.

मग गाव. हे मात्र नीट विचारून घ्यावं. मोठ्या गावात तंबू मोठा, खुर्च्या मागपर्यंत, आणि मागच्या खुर्चीवरून दिसतो तो फक्त पुढच्याचा मफलर. लहान गावात धान निघालेल्या बांधीत जमीन उतरती खणतात आणि खड्ड्याची माती पुढं टाकून मंच करतात. तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, सतरंजी टाकून बसलं की प्रत्येकाला नटाचे पाय दिसतात. मैत्रिणीला मी तिथंच नेलं, जमिनीचं तिकीट काढून. तिनं आधी नाक मुरडलं. दोन वाजता तीच तणस ओढून अंगावर घेत होती.

त्या रात्री आम्ही मंचाच्या डाव्या अंगाला, इतक्या जवळ बसलो होतो, की विंगेतला प्रॉम्प्टर दिसत होता. साठीचा माणूस, कानटोपी, मांडीवर हातानं लिहिलेली वही, वहीवर छोटा दिवा. तो प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द सोडायचा आणि नट ते झेलून पुढं न्यायचा. झेलायला किंचित उशीर झाला की नट खोकायचा. रडायच्या प्रवेशात नटीनं हुंदका दिला, तेव्हा मैत्रिणीला वाटलं वाक्य विसरली. प्रॉम्प्टरनं मान हलवली नाही, पानही उलटलं नाही. हुंदका वहीतला होता. मग त्यानं बोट ओलं केलं, पान उलटलं आणि पुढचे दोन शब्द दिले. मैत्रिणीनं पुण्यात कितीतरी प्रयोग पाहिलेत, पण नाटक असं चालताना तिनं पाहिलं नव्हतं.

शहरातल्या लोकांना हा प्रॉम्प्टर म्हणजे तयारी कच्ची असल्याचा पुरावा वाटतो. पण हंगामात नट आज या गावी एक नाटक करतो, उद्या दुसऱ्या गावी दुसरं. २०२३ साली पद्मश्री मिळालेल्या परशुराम खुणे यांच्या नावावर ५००० प्रयोग आणि ८०० भूमिका सांगितल्या जातात. आठशे भूमिका कुणाच्या डोक्यात मावणार आहेत? वहीवाला माणूस हवाच. माझं तर म्हणणं, चांगला प्रॉम्प्टर कुठल्या कंपनीकडे आहे हे चहावाल्याला विचारावं, त्याला माहीत असतं.

लावणीबद्दल लोक विचारतात. हो, असते, अलीकडे जरा जास्तच असते, आणि कथेत ती का आली हे विचारायचं नसतं. तेव्हा चहाला उठावं. विनोदी पार्ट मात्र सोडू नये. त्याचाही कथेशी संबंध नसतो, पण झाडीबोली ऐकायची तर तिथंच.

राहिला प्रश्न तीन रात्रींचा. तिन्ही रात्री तीन नाटकं बघायची हौस मी चाळिशीत करून पाहिली. तिसऱ्या रात्री खलनायकानं बंदूक काढली तेव्हा मी घोरत होते, असं भाऊ अजून भाऊबीजेला सगळ्यांसमोर सांगतो. तेव्हापासून हिशोब ठरला आहे. पहिल्या रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक, लहान गावात. दुसरी रात्र झोप. तिसऱ्या रात्री, जमलं तर, गावच्या पोरांनी स्वतः बसवलेलं हौशी नाटक, ज्यात पडदे भाड्याचे असतात आणि इन्स्पेक्टरचं काम करणारा कालपर्यंत धान मळत असतो. त्याचं वाक्य चुकलं की ते पुरं करायला अर्धा तंबू तयार असतो.

हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. पौषात गेलात तर नाटकं भरपूर, थंडीही भरपूर. एक ब्लँकेट पुरत नाही, दोन न्या. पोस्टरवर दहा लिहिलं असेल तर पडदा अकराच्या आत उघडेल असं समजू नका. तेव्हा जेवून, दुपारी तासभर झोप काढून जा, आणि बसायला जागा डाव्या अंगाची बघा.