मांजरांतील जीवोपजीवी संसर्ग

पाळीव मांजराच्या शरीरात जंत, एककोशिक जीव इत्यादींनी उपजीविकेसाठी आश्रय घेतल्याने होणारा संसर्ग. घरच्या दूधभातावर वाढलेल्या मांजरास जंत होत नाहीत, हा समज बरोबर नाही. मांजर ज्या गुणासाठी पाळतात, ती उंदीर धरण्याची सवयच संसर्गाचा एक प्रमुख मार्ग होय. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) हे सह्याद्रीलगतचे तालुके भरपूर पावसाचे व भातशेतीचे आहेत. साठविलेल्या भाताकडे उंदीर येतात आणि उंदरांसाठी मांजर ठेवावे लागते.

टीनिया टीनिईफॉर्मिस या पट्टकृमीची (फितीसारख्या चपट्या जंताची) अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती उंदराच्या पोटात गेल्यावर त्याच्या यकृतात डिंभ (अपक्व अवस्था) वाढतात. असा उंदीर खाल्ला, की मांजराच्या आतड्यात जंताची वाढ पुरी होते. डिपिलिडियम कॅनिनम हा दुसरा पट्टकृमी पिसवांमार्फत येतो. पिसवेची अळी त्याची अंडी खाते व पुढे अंग चाटताना मांजर ती पूर्ण वाढलेली पिसू गिळते. शेपटीखालच्या केसांना चिकटलेले, तांदळाच्या दाण्यांसारखे खंड ही त्याची खूण. प्राझिक्वांटेलासारख्या औषधाने जंत नाहीसे झाले, तरी पिसवा राहिल्यास संसर्ग पुन्हा होतो.

टॉक्सोकॅरा कॅटी हा गोलकृमी आईच्या दुधातून पिलांत शिरतो. त्यामुळे घराबाहेर न गेलेल्या पिलाचेही पोट फुगलेले आढळते. प्रौढ मांजरास तो मातीतील अंड्यांमुळे किंवा उंदरांमुळे होतो. अंकुशकृमीचे डिंभ ओलसर, उबदार मातीतून त्वचेवाटेही शिरतात.

माणसाच्या दृष्टीने टॉक्सोप्लाझ्मा गाँडाय हा एककोशिक जीव अधिक महत्त्वाचा आहे. त्याचा शोध १९०८ मध्ये लागला. पण त्याचे लैंगिक प्रजनन मांजराच्या आतड्यात होते, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. बाधित उंदीर किंवा पक्षी खाल्ल्यावर मांजराच्या विष्ठेतून काही दिवसांनी त्याच्या कवचयुक्त पुटी पडू लागतात व बहुधा एक-दोन आठवडे पडत राहतात. बाहेर पडल्यावर १ ते ५ दिवसांनी त्या संसर्गक्षम होतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढणे हितावह असते. गर्भारपणी स्त्रीस प्रथमच संसर्ग झाल्यास गर्भपात होण्याचा किंवा अर्भकाच्या मेंदूस व डोळ्यांस इजा होण्याचा धोका असतो. तिने विष्ठा साफ करण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे व मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत. केवळ मांजर हाकलून हा धोका टळत नाही, कारण पुटी ओलसर मातीत कित्येक महिने टिकतात आणि अर्धवट शिजलेल्या मांसातूनही माणसास संसर्ग होतो.