शिबिरातील खाऊ आणि मुलांची ॲलर्जी

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक प्रांतांतून आलेली कुटुंबे राहत असल्यामुळे, तेथील उन्हाळी शिबिरांत आणि छंदवर्गांत एकत्र येणाऱ्या मुलांचा आहार वेगवेगळा असतो. म्हणून अन्नाच्या ॲलर्जीची, म्हणजे एरवी निरुपद्रवी असलेल्या अन्नघटकाला घातक समजून शरीराची प्रतिकारयंत्रणा देत असलेल्या प्रतिक्रियेची, लेखी नोंद प्रवेशअर्जातच घेणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात शेंगदाण्याबाबत विशेष दक्षता हवी, कारण चिक्कीत तो सहज दिसत असला, तरी साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत आणि भाजीच्या रश्शात तो कुटाच्या रूपाने मिसळून गेलेला असतो. पाकीटबंद पदार्थांवर दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन अशा घटकांचा उल्लेख केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी बंधनकारक केला आहे. घरच्या डब्यावर मात्र अशी सूचना नसते, त्यामुळे ॲलर्जी असलेल्या मुलाने इतरांच्या डब्यातले खाऊ नये, त्याच्यासाठी वाढण्याचा चमचा वेगळा असावा आणि खाण्यानंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठून ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा धाप लागली, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया, समजावी. तिच्यावरचा पहिला उपचार मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच असल्याने, गोळीवर विसंबून वेळ न दवडता आणि मुलाला न चालवता 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. पालकांनी ॲलर्जीची माहिती लपवू नये आणि संयोजकांनी ती प्रत्येक ताई-दादापर्यंत व स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत पहिल्याच दिवशी पोहोचवावी.