सहनिवास (लेखांक ९) : ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या गळ्यात काम

सर्वसहमतीने निर्णय घेण्यावरचा मागचा लेख वाचून ठाण्याच्या एका वाचकबाईंनी विचारलंय, “सर्वसहमती वगैरे ठीक आहे हो, पण आमच्या सोसायटीत एक काका आहेत, लिफ्टच्या रंगापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यालाच नाही म्हणतात. त्यांचं काय करायचं?”

असे काका कॅलिफोर्नियातही असतात. त्यांच्यावरचा मला सर्वांत आवडलेला तोडगा आहे डेव्हिसमधल्या एन स्ट्रीट सहनिवासाचा. सहनिवास म्हणजे घरं ज्याची त्याची, पण एक सामायिक घर आणि कारभार सगळ्यांनी मिळून. याच डेव्हिसमध्ये १९९१ साली म्युइर कॉमन्स हा सहनिवास नव्याने बांधला गेला. एन स्ट्रीटचं तसं नाही. तिथे १९८६मध्ये शेजारच्या दोन घरांमधलं कुंपण काढलं, मग पुढच्याचं, मग त्याच्या पुढच्याचं. बिल्डर नाही की आधी आखलेला नकाशा नाही. कुणी रुसलं तर कुंपण परत घालायला कितीसा वेळ लागणार? म्हणूनच निर्णयाची पद्धत तिथे जपून बेतावी लागते.

नियम असा : ठराव अडवायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण अडवलात की पुढचं काम तुमच्याच गळ्यात. ठरावाच्या बाजूच्या लोकांना थोडे थोडे करून भेटायचं आणि सगळ्यांना चालेल असा नवा ठराव घडवायचा. अशा जास्तीत जास्त सहा बैठका, मुदत तीन महिने. तरीही जमलं नाही, तर मूळ ठराव मताला टाकायचा. तो मंजूर व्हायला ७५ टक्के मतं लागतात.

समजा, शनिवारी रात्री सामायिक घरात गाणी वाजवायचा ठराव आला आणि काका आडवे गेले. आता त्यांना त्या तरुण मंडळींसमोर चहा घेऊन बसणं भाग आहे. दुसऱ्या बैठकीत कळतं, की काकांचं गाण्यांशी वैर नाही. स्पीकर त्यांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे, एवढंच. स्पीकर हलला, ठराव झाला. आणि नुसतं अडवण्यात ज्याला गंमत वाटते, तो पहिल्या बैठकीची तारीख ठरवायच्या आधीच थंडावतो!

ठाण्याच्या बाईंच्या सोसायटीचा कारभार बहुमतावर चालतो, त्यामुळे काकांच्या हातात नकाराधिकार मुळात नाहीच. पण टाकी दुरुस्तीची तीन कोटेशनं आणायचं काम त्यांच्याकडे द्यायला कायदा कुठे आड येतो?

या नियमाची एक बाजू मात्र मला खुपते. सहा संध्याकाळी मोकळ्या कुणाला असतात? काकांना असतात. तान्ह्या बाळाच्या आईला नसतात, रात्रपाळीवाल्याला नसतात. त्यांचा आक्षेप खरा असला तरी पुढचं लचांड नको म्हणून ते गप्प बसतील. इथे मला आपलं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवतं. तिथली ग्रामसभाही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने ठरवते. पण विषय सभेपुढे येण्याआधी अभ्यासगटात चघळून झालेला असतो. एन स्ट्रीटच्या बैठका नकारानंतर, मेंढ्यातल्या आधी. मला मेंढ्याचा क्रम जास्त पटतो. चारचौघांत एकदा हात वर करून ‘नाही’ म्हटलं, की तो हात खाली घेणं फार जड जातं; अभ्यासगटात अजून कुणी हात वर केलेलाच नसतो.