हर्नियाचे ऑपरेशन व्हायचे आहे, मग जिम बंद करायची का?

जांघेत फुगवटा दिसतो, डॉक्टर हर्नियाचे निदान करतात आणि ऑपरेशनची तारीख काही आठवड्यांनंतरची मिळते. मधल्या काळात वजने उचलायची की नाही, हा लालबाग-परळच्या व्यायामशाळांत जाणाऱ्यांनाही पडणारा प्रश्न.

नेमके होते काय?
पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येते. व्यायामाने ही फट बुजत नाही. श्वास रोखून जड वजन उचलले की पोटातील दाब वाढतो आणि फुगवटा आणखी बाहेर येऊ शकतो.

काय टाळावे?
जड डेडलिफ्ट, स्क्वॉट, सिट-अप्स. दहीहंडीच्या सरावात खालच्या थरात उभे राहून भार घेणेही त्यातच आले. कमरेला पट्टा बांधला म्हणून जड वजन सुरक्षित ठरत नाही.

काय चालेल?
डॉक्टरांनी परवानगी दिल्यास चालणे आणि बसून हलक्या डंबेलचे व्यायाम. जोर लावताना श्वास सोडावा. दुखले किंवा फुगवटा वाढला, तर तो व्यायाम तिथेच थांबवावा.

धोका किती?
जांघेच्या हर्नियाचा त्रास कमी असलेल्या ७२० पुरुषांवरील उत्तर अमेरिकेतील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन न करता थांबलेल्यांत हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारी दोनहून कमी होते. स्त्रियांना मात्र हा आकडा लागू नाही.

तातडी कधी?
फुगवटा कडक होऊन आत जात नसेल, तीव्र वेदना किंवा उलट्या होत असतील, तर तारखेची वाट पाहू नये. केईएम, नायर किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो.