जाऊन परत येणारी गाडी

किवळे, ताथवडे, वाकड असा पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम अंगाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे सातारा-कोल्हापूरला जातो, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हाच रस्ता बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट चेन्नईला पोचतो. चेन्नईच्या थोडं अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे, मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. १९९० मध्ये सुरू झालेला, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा हा ट्रॅक म्हणजे आपल्याच रस्त्यावरचं ठिकाण, फक्त साडेअकराशे किलोमीटर पुढे.

दुसरा जुना, रुळलेला ट्रॅक कोइमतूरचा. एस. करिवर्धन यांच्या नावाचा कारी मोटर स्पीडवे २००३ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी २.१ किलोमीटरच्या आसपास आहे. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना तो ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थी स्पर्धेमुळे माहीत असतो.

हौशी चालकांसाठी अशा ट्रॅकवर जे ‘ट्रॅक डे’ होतात, ती शर्यत नसते. नंबर नाही, चषक नाही. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, सूचना ऐकायच्या आणि पंधरा-वीस मिनिटांच्या चार-पाच फेऱ्यांत आपली गाडी मोकळ्या रस्त्यावर कुणाच्या जिवावर न उठता पळवायची. नवख्यांचा गट वेगळा असतो आणि ओव्हरटेक सहसा सरळ पट्ट्यावर, पुढच्याने हात दाखवल्यावरच करायचं असतं.

आता हिशेब मांडा. साध्या गाडीने नवखा माणूस दिवसभरात ट्रॅकवर शंभर-सव्वाशे किलोमीटर धावेल. जाण्यायेण्याचे मात्र तेवीसशे. ट्रेलरवर गाडी चढवून नेण्याइतका पैसा असता तर स्वस्तातली जुनी गाडी शोधायची वेळच आली नसती. म्हणजे आपल्याला अशी गाडी हवी, जी स्वतःच्या चाकांवर जाईल, दिवसभर मार खाईल आणि स्वतःच्या चाकांवर परत येईल. पुढची सगळी निवड या एका अटीवर बेतलेली आहे.

आधी पैशाची वाटणी

समजा, हातात दीड लाख आहेत. पहिली चूक इथेच होते. माणूस दीड लाखाचीच गाडी घेतो आणि टायरला पैसे उरत नाहीत. निम्मे गाडीला, निम्मे तिला उभं करायला, अशी वाटणी आधीच करून टाकावी. स्वस्त गाडी टायर, ब्रेक, बुश, बेअरिंग आणि शॉकॲब्सॉर्बर मागणारच. फी, पेट्रोल आणि टोल वेगळे.

विम्याचाही विचार आताच करायचा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ लिहिलेल्या असतात. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च आपल्याच खिशातून जाणार असं धरून चालावं. म्हणून कर्ज काढून घेतलेली किंवा घरच्यांची एकमेव गाडी यासाठी नको. उद्या भंगारात घालावी लागली तरी घरात चूल बंद पडू नये, अशीच हवी.

कोणती गाडी?

आपल्या पट्ट्यात हा प्रश्न भावनेचा होतो. टाटांची इंडिका १९९८ साली पिंपरीच्या कारखान्यातून आली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तिथली पोलो २०२२ पर्यंत बनत राहिली. तळेगावला शेवरलेची बीट बनायची, रांजणगावला फियाटची पुंटो. कुणाच्या काकाने इंडिकाच्या लाइनवर काम केलेलं असतं, कुणी पोलोच्या पेंट शॉपमध्ये उमेदवारी केलेली असते. आपल्या हातची गाडी ट्रॅकवर न्यावी असं वाटणं साहजिक आहे. निर्णय मात्र तीन प्रश्नांवर घ्यावा: गाडी हलकी आहे का, सुटे भाग नाक्यावर मिळतात का, आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक गावोगाव आहेत का?

वजन पहिलं का, ते ब्रेककडे पाहिल्यावर कळतं. गाडी आणि चालक मिळून ९०० किलो आहेत आणि ताशी १२० वरून ६० वर यायचं आहे. या एका ब्रेकमध्ये जी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, तिच्यात सुमारे सव्वा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. पुढच्या वळणाला पुन्हा तेवढीच. ही सगळी उष्णता मुख्यतः पुढच्या दोन डिस्कना पचवायची असते. तेराशे किलोची जुनी डिझेल सेदान त्याच डिस्कांवर जवळजवळ दीडपट ओझं टाकते, टायरही तितक्याच लवकर खाते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ताकदवान इंजिन हे नवख्याला बक्षीस नसून ब्रेकचं बिल असतं.

या कसोटीवर मारुतीच्या जुन्या पेट्रोल गाड्या वर येतात. झेन १९९३ ते २००६ या काळात बनली. ९९३ सीसीचं इंजिन, आठशे किलोंच्या आतलं वजन. एस्टीम दिसायला सज्जन, पण १२९८ सीसीचं इंजिन आणि हलकं अंग यांमुळे ती आपल्याकडच्या रॅली आणि रेसिंगमध्ये वर्षानुवर्षे वापरली गेली. आज या दोन्ही वयस्कर झाल्या, चांगला पत्रा शोधावा लागतो. २००५ ची पहिली स्विफ्ट त्याच १३०० सीसीच्या घराण्यातली. २०१० पासून तिला १२०० सीसीचं के-सिरीज इंजिन आलं. बहुतेकांसाठी मी पेट्रोल स्विफ्टच सुचवेन. एस्टीमपेक्षा जड, पण दावणगिरीच्या बायपासला बंद पडली तरी भाग मिळेल, अशी.

होंडा सिटीची १९९८ ते २००३ ची पिढी, त्यातही व्हीटेक, हौशी लोकांत मानाची. नेमकी म्हणूनच ती पिळून काढलेली असण्याची शक्यता जास्त. पोलोचं १.६ पेट्रोल वळणात भक्कम वाटतं, पण तिचे भाग स्विफ्टच्या मानाने महाग पडतात. १.२ टीएसआयचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुन्या गाडीत घेऊन पहिल्याच वर्षी ट्रॅकवर जाऊ नये. बीट आणि पुंटो यांच्या कंपन्यांनीच भारतातली विक्री बंद केली आहे, त्यामुळे भाग शोधण्यात सुट्ट्या जातील. इंडिका डिझेलने हजारो घरं चालवली, पण तिला वळणावर घाई करायला सांगू नये.

सीएनजी किट असलेली गाडी या पट्ट्यात पदोपदी भेटते. डिकीत पन्नास-साठ किलोंचं ओझं, आणि गॅसवर लाखभर किलोमीटर धावलेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट झिजलेल्या असू शकतात. ती सोडून द्यावी.

इनकमिंग इन्स्पेक्शन

चाकण-भोसरीत ज्याने क्वालिटीत काम केलंय, त्याला खरं तर जुनी गाडी कशी घ्यायची हे शिकवायची गरज नाही. कंपनीत माल आला की तो किती सुंदर आहे हे कुणी बघत नाही. तो कशामुळे परत पाठवायचा, ते आधी ठरलेलं असतं. इथेही तसंच. एजंट म्हणेल, “दादा, डॉक्टरची गाडी, एकहाती, कंपनी मेंटेन.” हसून मान डोलवावी आणि बॉनेट उघडावं.

पहिला निकष सांगाड्याचा. इंजिन बदलता येतं, वाकलेला सांगाडा नाही. पुढच्या दोन्ही ॲप्रनवर कंपनीचे स्पॉट वेल्ड समान अंतरावर, गोल ठशांचे दिसतात. तिथे हाताने ओढलेली वेल्डिंगची रेघ, पुटी किंवा नवा रंग दिसला तर गाडी ठोकलेली आहे. शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्याभोवती तडे बघा. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बोट फिरवून पाहा. एक लहान लोहचुंबक खिशात ठेवा, पुटीच्या जागी तो चिकटत नाही. सांगाड्यावर शंका आली की किंमत कमी करून घेण्याच्या फंदात पडू नका. निघून या.

दुसरा निकष पुराचा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटच्या रुळांवर आतून गंज, डिकीत स्टेपनीखाली माती, गालिच्याला कुबट वास असेल, तर ती नदीत बसून आलेली आहे.

तिसरा इंजिनाचा. गाडी आधी गरम करून ठेवलेली नसावी, थंड स्टार्ट करायला लावा. निळा धूर म्हणजे ती ऑइल खाते. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर हेड गॅस्केटकडे बोट जातं. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट रंगीत हवं, गंजाचं लाल पाणी नको. शक्य असेल तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती हे बघावंच, पण चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे जास्त महत्त्वाचं.

मग चालवून पाहा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना टकटक आली तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरवताना किरकिर आली तर गिअरबॉक्स थकलाय, आणि ट्रॅकवर तुम्ही दिवसभर नेमकं हेच करणार आहात. चौथ्यात कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि वेग नाही, तर क्लच घसरतोय.

यापुढची चाचणी आपल्या पट्ट्याने फुकट दिली आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात गाडी घाला. अर्धा तास पहिल्या-दुसऱ्यात, एसी चालू, पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस. तापमानाचा काटा मध्यावर थांबला, पंखा वेळेवर सुरू-बंद झाला आणि क्लचचा वास आला नाही, तर तिची कूलिंग यंत्रणा आणि तुमचा संयम, दोन्ही पास.

कागद

एमएच-१४ ची गाडी असेल तर आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. कर्ज फिटलं असलं तरी बोजा उतरवायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. हस्तांतरासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म, दुसऱ्या आरटीओत न्यायची असेल तर ना हरकत. घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती वाढवावी लागते. स्वस्त झेन अनेकदा इथेच महाग पडते, कारण नूतनीकरण राहिलेलं असतं. कागद अडकलेली गाडी ट्रॅकवर चालेल, पण तिथवर जाणार कशी?

मोठा सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंगा, केबिनमध्ये लोखंडी पिंजरा अशी ‘तयार’ गाडीही टाळावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय मूळ रचनेत बदल करू देत नाही. शिवाय तिच्या आधीच्या मालकाने ती कुठे पळवली, हे विचारायची सोय नसते. स्पाइन रोडवर रात्री पळवली असेल, तर तो कलम १८९ खालचा गुन्हा आहे. ट्रॅक शोधायचा तो तेवढ्यासाठीच.

घेतल्यावर पहिलं काम

ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल पितं, आणि आपले चार महिने तर ओलीतच जातात. प्रमाणानुसार नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओल प्यायलेलं १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पाय फळीला टेकतो, गाडी थांबत नाही. दोन-चारशे रुपयांच्या बाटलीने टळणारा हा अपघात आहे. सोबत पुढचे पॅड नवे घाला.

दुसरं, टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. चारही टायर एकाच जातीचे घ्या.

तिसरं, गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली आणि डावं-उजवं हलवा. खडखड असेल तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड. बुश बदलून मगच अलाइनमेंट करा, आधी नको. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला चढतं, पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी पडतात.

ताकद वाढवायला एक पैसाही घालू नका. त्याऐवजी दोन महिने ही गाडी रोज कामावर न्या. जे तुटायचं ते मोशीच्या सिग्नलला तुटू दे.

ट्रॅकवर प्रत्येक फेरीची शेवटची चक्कर ब्रेक न मारता सावकाश घ्या, डिस्कना वारा लागू द्या. उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले ब्रेक तसेच दाबून ठेवू नयेत. संध्याकाळी नट पुन्हा आवळा, पॅडची जाडी बघा, ऑइल आणि कूलंट तपासा. शेवटची फेरी शिल्लक असेल आणि ब्रेकचा पेडल थोडा मऊ लागत असेल, तर ती फेरी सोडा. पैसे गेल्याचं वाईट वाटेल. पण खंबाटकीचा घाट अजून पुढे आहे, आणि कंपनीच्या पार्किंगमध्ये फर्स्ट शिफ्टला हीच गाडी लावायची आहे.